वॉलआय आणि सॉगर गळाने पकडताना: मॉमी नदीपासून मिनेसोटाच्या तळ्यांपर्यंत

तंगूस

मार्चचा मध्य आला की ओहायोमधील टोलेडो शहराच्या नैर्ऋत्येला मॉमी नदीत माणसांच्या रांगा दिसू लागतात. पेरिसबर्ग आणि समोरच्या काठावरचे साइड कट उद्यान या पट्ट्यात लोक वेडर्स (छातीपर्यंत येणारी जलरोधक विजार) घालून, मांडीभर पाण्यात, एकमेकांपासून तीन-चार हातांवर उभे असतात. ईरी सरोवरातील वॉलआय मासे अंडी घालण्यासाठी या नदीत चढतात आणि पुढचे पाच-सहा आठवडे काठावरून किंवा पाण्यात उभे राहून, होडीशिवाय, मोठा मासा पकडण्याची संधी मिळते. आपल्या मंडळींपैकी अनेक जण दरवर्षी हौसेने महागडी काठी आणि रीळ घेतात, दोन शनिवार रिकाम्या हाताने परततात आणि सामान गॅरेजमध्ये ठेवून देतात. माझीही पहिली दोन वर्षे अशीच गेली. ती चूक नेमकी कोठे होती हे सविस्तर लिहावे, म्हणून हा धागा काढत आहे.

मी रंग बदलत राहिलो. पोपटी चालला नाही म्हणून नारिंगी, नारिंगी चालला नाही म्हणून पांढरा. वास्तविक शेजारचा माणूस माझ्याच रंगाच्या आमिषावर चौथा मासा काढत होता. त्याच्या आणि माझ्या गळात फरक होता तो फक्त शिशाच्या वजनाचा.

वॉलआय हा तळ धरून राहणारा मासा आहे. त्याच्या डोळ्यात दृष्टिपटलामागे प्रकाश परावर्तित करणारा थर असतो; म्हणूनच रात्री विजेरीच्या झोतात त्याचे डोळे मांजरासारखे चमकतात आणि म्हणूनच झुंजुमुंजू, तिन्हीसांजा, ढगाळ हवा आणि किंचित गढूळ पाणी या त्याच्या शिकारीच्या वेळा असतात. नदीत चढलेला मासा प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून, गोट्यांच्या किंवा खडकाच्या आडोशाने, तळापासून वीतभर उंचीवर स्थिर राहतो. त्या दिवसांत त्याचे खाण्याकडे फारसे लक्ष नसते, त्यामुळे आमिष त्याच्या नाकासमोरून गेले तरच तो तोंड उघडतो. दोन फूट वरून गेलेले आमिष त्याच्या दृष्टीने नसल्यासारखेच आहे.

येथे सर्वाधिक चालणारी जुळणी ‘कॅरोलायना रिग’ या नावाने ओळखली जाते. मुख्य तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोर, आठ ते दहा पौंडांचा ताण सोसणारा असावा. त्यात आधी अंड्याच्या आकाराचे, आरपार भोक असलेले शिसे ओवावे, मग एक मणी आणि त्याखाली फिरकडी बांधावी. फिरकडीच्या दुसऱ्या टोकाला सहा ते आठ पौंडांचा दीड ते अडीच फुटांचा तुकडा बांधून त्याच्या शेवटी तरंगणारे जिगहेड, म्हणजे डोक्याशी हलका गोळा असलेला गळ (जिग), लावावे आणि त्यावर दोन-तीन इंचांची शेपटीवाली रबरी अळी चढवावी. शिसे तळाला राहते आणि जिग तरंगत असल्याने तळाच्या जरा वर, गोट्यांत न अडकता, नेमके माशाच्या उंचीवरून वाहत जाते. मणी विसरू नये. तो नसेल तर शिसे गाठीवर आपटत राहते आणि दुपारपर्यंत गाठ कुरतडली जाते.

आता वजनाविषयी. प्रवाहाला आडवा, थोडासा वरच्या अंगाला गळ टाकावा, तंगूस ताणलेला ठेवावा आणि काठीचे टोक पाण्याबरोबर खाली नेत जावे. शिसे तळावर टक्, थोडे वाहून पुन्हा टक्, असे चालत गेले पाहिजे. एकही ठोका जाणवत नसेल तर वजन कमी आहे आणि आमिष माशांच्या डोक्यावरून चालले आहे. शिसे पडल्या जागी बसून राहत असेल तर वजन जास्त आहे, आणि पुढच्या दोन मिनिटांत ते कपारीत अडकणार हे निश्चित. मी खिशात पाव औंसापासून पाऊण औंसापर्यंतची शिसी अष्टमांश औंसाच्या अंतराने ठेवतो आणि जागा बदलली की आधी वजन बदलतो. दहा पावले पुढे सरकले तरी प्रवाहाची ओढ बदलते, आणि पाणी एका रात्रीत फूटभर चढले तर कालचे वजन आज निरुपयोगी ठरते. वॉटरव्हिल येथे यूएसजीएसचे (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे) प्रवाहमापक केंद्र आहे. घरून निघण्यापूर्वी त्याचा आलेख पाहण्याची सवय लावून घ्यावी. मॉमीचे खोरे सपाट शेतजमिनीचे असल्यामुळे जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी नदी चहाच्या रंगाची होते आणि निवळायला अनेक दिवस लागतात.

मासा लागल्याचे ओळखणे ही दुसरी शिकण्याची गोष्ट आहे. मॉमीत हिसका क्वचितच बसतो. टक्, टक् असे येणारे ठोके अचानक थांबतात आणि काठीच्या टोकाला ओले फडके अडकल्यासारखा जडपणा येतो, एवढेच. त्या क्षणी मनगटाने झटका न देता काठी आडवी मागे ओढावी. दगड असेल तर तो हलणार नाही. मासा असेल तर तो दोनदा मान झटकतो आणि ती झटक कोपरापर्यंत पोहोचते.

पाण्याचे तापमान साधारण ५ ते १० अंश सेल्सिअस, म्हणजे दुकानांतील फलकांवर लिहिलेले ४२ ते ५० फॅरनहाइट, या दरम्यान असताना माशांची नदीत चढण्याची धावणी भरात असते. आधी नर येतात आणि शेवटपर्यंत थांबतात. मोठ्या माद्या येतात, गोट्यांवर अंडी सोडतात आणि सरोवराकडे परत फिरतात. हे मासे घरटे करत नाहीत की अंड्यांची राखण करत नाहीत. अंडी गोट्यांच्या फटींत पडतात आणि वाहत्या पाण्यातील प्राणवायूवर वाढतात.

नियमांबाबत एक कळकळीची विनंती आहे. मार्च-एप्रिलमध्ये नदीच्या ठरावीक पट्ट्यात सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळात मासेमारी करता येते आणि एकच एकेरी गळ वापरता येतो, ज्याच्या दांड्यापासून टोकापर्यंतचे अंतर अर्ध्या इंचाहून जास्त नसावे. तोंडाबाहेर, म्हणजे पाठीला, पोटाला किंवा परामध्ये गळ रुतलेला मासा सोडून द्यावाच लागतो. दाटीच्या दिवसांत असे पुष्कळदा घडते, विशेषतः जिगचा तुकडा चार फुटांचा ठेवणाऱ्यांच्या बाबतीत, कारण लांब तुकडा माशांच्या अंगावरून ओढला जातो. तुकडा आखूड ठेवावा आणि दर हंगामात राज्याच्या नियमपुस्तिकेची नवी आवृत्ती वाचावी.

नवशिका_मिशिगन

आपले लेखन वाचून फार आनंद झाला. मी गेल्या वर्षी अॅन आर्बरला आलो. दोन शंका आहेत. पाण्यात उभे राहणे मला भीतिदायक वाटते. काठावरून हे जमते का? आणि सुरुवातीला काठी कोणती घ्यावी? दुकानात इतके प्रकार आहेत की मी दोनदा जाऊन तसाच परत आलो.

तंगूस

काठावरून जमते. पाणी चढलेले असते तेव्हा तर मासे मधला जोराचा प्रवाह टाळून काठाला लागतात, आणि त्या दिवशी पाण्यात उतरलेली माणसे माशांच्या पलीकडे गळ टाकत असतात. ओर्लीन्स पार्कसारख्या जागी काठावरून सुरुवात करा.

पाण्यात उतरायचे झाल्यास वेडर्सच्या कमरेला पट्टा घट्ट बांधलेला असलाच पाहिजे, नाहीतर पडल्यावर त्यात पाणी भरते आणि माणसाला उठता येत नाही. हातात टेकायची काठी ठेवावी, प्रवाहाला एक खांदा देऊन पाय न उचलता सरपटत आडवे चालावे, आणि ज्या वाटेने आत गेलो त्या वाटेची खूण पक्की करून ठेवावी. बेटावर जाताना गुडघाभर असलेले पाणी परतताना कमरेला लागू शकते. मला एकदा असा अनुभव आला आहे. सकाळी सहज ओलांडलेल्या धारेत दुपारी माझा तोल गेला आणि शेजारच्या एका वयस्क गृहस्थांनी हात दिला म्हणून मी उभा राहिलो. तेव्हापासून पाण्यालगतच्या एखाद्या दगडावर नजर ठेवून असतो. तो बुडाला की मी बाहेर पडतो.

काठी साडेसहा ते सात फुटांची, मध्यम ताकदीची आणि टोकाला चपळ अशी घ्या. रीळ साधे स्पिनिंग, २५०० आकाराचे. यापेक्षा अधिक खर्च पहिल्या वर्षी करू नका. पैसे शिशांसाठी ठेवा, कारण दिवसाला दहा-बारा शिसी नदीत जातात.

उत्तरवारा

उत्तम धागा. मी मिनेसोटात सतरा वर्षे आहे. वॉलआय हा आमचा १९६५पासूनचा राज्यमासा. नदीचे तंत्र तंगूस यांनी लिहिले आहेच. तळ्यातील मासेमारी वेगळी असते आणि तेथे जिवंत आमिषाला अजूनही पर्याय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्याकडे ऋतूनुसार आमिष बदलते. मे महिन्याच्या मध्यावर हंगाम उघडतो तेव्हा पाणी थंड असते आणि अष्टमांश औंसाच्या जिगवर (डोक्याशी शिसे असलेल्या गळावर) बारीक शायनर मासा, गळ तोंडातून घालून डोक्यावर काढलेला, सर्वांत चांगला चालतो. पाणी तापू लागले की जळवा. जून-जुलैमध्ये गांडुळे. सप्टेंबरनंतर पुन्हा मासे, पण या वेळी मोठे. जळू लावताना तिच्या चोषकाच्या, म्हणजे रुंद टोकाच्या जरा आत गळ टोचावा. मग ती पाण्यात लांब होऊन पोहत राहते. चुकीच्या टोकाला टोचली तर गोळा होऊन बसते आणि त्या गोळ्याकडे मासा ढुंकूनही पाहत नाही.

येथील जुनी आणि खात्रीची जुळणी म्हणजे लिंडी रिग. बुटाच्या आकाराचे, तळावरून चालणारे सरकते शिसे, फिरकडी आणि पुढे तीन ते सहा फुटांच्या तुकड्याला साधा गळ. होडी अगदी सावकाश, ताशी अर्धा-पाऊण मैल वेगाने, खोली जेथे बदलते त्या कडेवरून न्यायची. रिळाची कडी (तंगूस अडवणारी तारेची कमान) उघडून तंगूस बोटावर धरलेला असतो. जडपणा जाणवला की बोट सोडायचे आणि मासा तंगूस घेऊन जाऊ द्यायचा, कारण शिसे सरकते असल्यामुळे त्याला वजन जाणवत नाही. जळवेला पाच-सात सेकंद, अख्ख्या गांडुळाला त्याहून जास्त. मग कडी बंद करून, ढील गुंडाळून, सावकाश ओढ द्यायची. जिगवर मात्र असे थांबू नये; तेथे ठोका आणि ओढ यांत श्वासाचेही अंतर नसावे.

मिल लॅक्ससारख्या मोठ्या तळ्यात खडकाळ उंचवट्यांवर सरकता तरंगा वापरतात. दोऱ्याची छोटी गाठ तंगुसावर हवी त्या खोलीला सरकवून ठेवायची, तिच्याखाली मणी, मग तरंगा, लहान शिसे आणि गळावर जळू. आमिष खडकाच्या फूटभर वर राहील एवढीच खोली ठेवायची. वारा पडून पाणी आरशासारखे झाले की दिवसा मासे मिळणे कठीण होते. वाऱ्याने लाटा उठल्या की उजेड विखुरतो, गढूळपणा येतो आणि मासे उथळ पाण्यात चरायला येतात. म्हणून अनुभवी माणूस वाऱ्याच्या आडोशाला न जाता वारा ज्या काठावर आपटतो त्या काठावर जातो.

हिवाळ्याविषयी थोडेसे. स्वच्छ, नव्या बर्फाची जाडी किमान चार इंच असल्याखेरीज पायीसुद्धा जाऊ नये, आणि जाडी स्वतः छिद्र पाडून मोजावी. बर्फातून आम्हाला दोन गळ टाकता येतात, उघड्या पाण्यात एकच. एका छिद्रात धातूचा चमचा (चमच्याच्या आकाराचे चकाकते आमिष), त्याच्या गळाला मिन्नोचे, म्हणजे आमिषाच्या बारीक माशाचे, फक्त डोके. तो उचलायचा, पडू द्यायचा, स्थिर ठेवायचा. दुसऱ्या छिद्रात जिवंत मासा लावून काठी तशीच ठेवायची. पहिला मासे बोलावतो, दुसरा पकडतो. सूर्यास्तापूर्वीचा अर्धा तास आणि नंतरचा अर्धा तास, बहुतेक दिवशी एवढाच वेळ खरा असतो.

खारेपाट

मी अलिबागचा, आता ओहायोत कोलंबसला असतो. डोळ्यांविषयी वाचताना आमचा जिताडा मासा सोडून दुसरे काही आठवेना. रात्री खाडीत विजेरी मारली की त्याचेही डोळे असेच निखाऱ्यासारखे दिसतात. आमच्याकडे गरवायला जाताना काठी क्वचितच असे. तंगूस बोटावर धरून बसायचे आणि सगळे बोटाला कळायचे. मॉमीत ते कसब उपयोगी पडेल का?

तंगूस

नक्कीच पडेल. काठी एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या तर्जनीवर रिळापुढचा तंगूस टेकवून ठेवा. तळाचा ठोका आणि माशाचा स्पर्श यांतला भेद बोटाला काठीपेक्षा आधी कळतो. केवळ हाताने दोर धरण्याची परंपरा येथेही आहे. डेट्रॉइट आणि सेंट क्लेअर नद्यांत जुनी माणसे होडीच्या कडेला स्प्रिंगचे रीळ बसवून, तारेच्या टोकाला पाऊण-एक किलोपर्यंतचे शिसे सोडून, प्रवाहाच्या विरुद्ध सावकाश होडी हाकतात. तारेला थोड्या थोड्या अंतरावर लांब तुकडे आणि त्यांना हलके लाकडी मासे जोडलेले असतात. तार हाताने उचलायची, शिसे तळाला टेकवायचे, पुन्हा उचलायची. रात्रीच्या वेळी हे तंत्र पाहण्यासारखे असते.

सिनसिनाटीकर

धाग्याच्या नावात सॉगर आहे आणि अजून कोणीच त्याच्याविषयी लिहिले नाही, म्हणून लिहितो. सॉगरला लोक ‘लहान वॉलआय’ समजतात ही मोठी चूक आहे. तो दिसतो तसाच, पण राहतो वेगळा.

आधी ओळख. पाठीवरचा पहिला, काटेरी पर उघडून पाहावा. सॉगरच्या परावर काळ्या ठिपक्यांच्या स्पष्ट ओळी असतात. वॉलआयच्या परावर ठिपके नसतात, फक्त मागच्या बुडाशी एक काळा डाग असतो, आणि त्याच्या शेपटीचे खालचे टोक पांढरे असते. सॉगरच्या अंगावर तपकिरी खोगिरासारखे पट्टे दिसतात. दोघांचा संकर म्हणजे सॉगआय. ओहायोतील अनेक जलाशयांत तो मत्स्यबीज केंद्रांतून सोडला जातो आणि त्याच्या परावर ठिपक्यांऐवजी काट्यांच्या मध्ये गडद फराटे असतात. आकाराने सॉगर लहानच. पाऊण-एक पौंडाचा सर्वसाधारण, दोन पौंडांचा चांगला, तीन पौंडांचा आठवणीत राहणारा. नॉर्थ डकोटातील सकाकावीया तलावात १९७१मध्ये मिळालेला ८ पौंड १२ औंसांचा सॉगर हा जागतिक विक्रम आहे.

सॉगर गढूळ, मोठ्या नद्यांचा मासा आहे आणि वॉलआयपेक्षा खोल राहतो. ओहायो नदीवरील मेल्डाल, मार्कलंड, ग्रीनअप या बंधाऱ्यांच्या खालच्या पाण्यात नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तो जमतो, कारण वर चढणाऱ्या माशांची वाट बंधारा अडवतो आणि बारीक शॅड मासे तेथे विपुल असतात. थंडी जितकी कडक तितकी गर्दी दाट. गढूळ पाण्यात तो भर दुपारीही खातो, त्यामुळे पहाटे चारला उठण्याची सक्ती नाही.

होडीतून मासेमारी करताना सारे कौशल्य तंगूस उभा ठेवण्यात आहे. होडी प्रवाहाच्या वेगानेच खाली वाहू द्यावी आणि विजेच्या छोट्या मोटारीने तिला एवढेच सावरावे की तंगूस काठीच्या टोकापासून सरळ खाली जाईल. तो तिरपा झाला की जिग तळापासून उचलला जातो. पंचवीस-तीस फूट पाण्यात मी तीन अष्टमांश ते पाऊण औंसाचा जिग वापरतो, त्यावर तीन इंची रबरी मासा किंवा जिवंत मिन्नो, किंवा दोन्ही. जिग तळाला टेकवायचा, सहा इंच उचलायचा, ताणलेल्या तंगुसावर खाली न्यायचा आणि मग दोन-तीन सेकंद काहीही करायचे नाही. नवीन माणसे दोन-दोन फूट उचलतात. थंड पाण्यातला मासा त्यामागे धावत नाही. बहुतेक वेळा सॉगर आमिष खाली जाताना घेतो आणि पुढच्या उचलण्यात तो तेथे आहे हे कळते. तो मिन्नोच्या शेपटीला धरतो आणि गळ चुकवतो, म्हणून जिगच्या मागे दोन इंचांच्या तुकड्यावर लहान तिहेरी गळ जोडावा आणि त्याचे एक टोक मिन्नोच्या शेपटीजवळ टोचावे. माझे चुकणारे मासे या एका सुधारणेने जवळपास निम्म्यावर आले.

काठावरून टाकणाऱ्यांनी तीन कड्यांची फिरकडी वापरावी: एका कडीला मुख्य तंगूस, दुसरीला फूटभर तुकड्यावर शिसे, तिसरीला दोन-अडीच फुटांवर तरंगणारा जिग. शिशाचा तुकडा मुद्दाम कमजोर, चार पौंडांचा ठेवावा, म्हणजे खडकात शिसे अडकले तर तेवढेच तुटते आणि बाकी जुळणी परत येते. गळ टाकायचा तो खळाळत्या धारेत नव्हे, तर धार आणि भोवऱ्याचे संथ पाणी यांच्या सीमेवर. पाण्यावर फेसाची रेघ दिसते तीच ती सीमा.

बंधाऱ्याखालील निषिद्ध पट्टा फलकांनी आणि बोयांनी दाखवलेला असतो. त्यात एक हातभरही जाऊ नये. दारांखालचे पाणी उलट फिरून होडीला बंधाऱ्याकडे ओढते. लाइफ जॅकेट अंगात घातलेले असावे, बाकावर ठेवलेले नसावे.

उत्तरवारा

सिनसिनाटीकर, एक महत्त्वाची भर घालतो. वॉलआय आणि सॉगर यांच्या वाताशयाला अन्ननलिकेकडे उघडणारी वाट नसते. ट्राउट किंवा पाइक वर येताना हवा सोडू शकतो, हे मासे सोडू शकत नाहीत. तीस फुटांहून खोल पाण्यातून वर काढलेल्या माशाचे वाताशय फुगते, कधी जठर तोंडात येते, डोळे बाहेर येतात, आणि असा मासा पोहत गेलेला दिसला तरी पुष्कळदा जगत नाही. त्यामुळे खोल पाण्यात ‘पकडा आणि सोडा’ करू नये. आपल्या मर्यादेइतके मासे झाले की गळ गुंडाळून घ्यावा किंवा उथळ पाण्यात जावे.

सिनसिनाटीकर

अगदी बरोबर. मी हे लिहायला हवे होते. चाळीस फुटांवर भराभर मासे लागत असतानाही थांबणे अवघड जाते, पण थांबले पाहिजे.

ईरीकाठ

तंगूस यांचा ‘तळ धरून राहणारा मासा’ हा मुद्दा नदीपुरता खरा आहे. सरोवरात उन्हाळ्यात तो खरा राहत नाही. अंडी घातल्यावर बरेच मोठे वॉलआय पश्चिम खोऱ्यातून पूर्वेकडे, क्लीव्हलंडच्या आणि त्यापुढच्या खोल, थंड पाण्याकडे निघतात आणि तेथे एमराल्ड शायनर व स्मेल्ट यांच्या थव्यांमागे मधल्या पाण्यात तरंगत फिरतात. सत्तर फूट पाण्यात पस्तीस फुटांवर मासे असतील तर तळावरचे आमिष दिवसभर एकटेच फिरते. वॉलआयचे डोळे वर पाहण्यासाठी चांगले असल्यामुळे आमिष माशांच्या थोडे वर ठेवावे, खाली कधीच नाही.

पश्चिम खोऱ्याची सरासरी खोली साडेसात मीटरच्या आसपास आहे. मे-जूनमध्ये तेथे होडी वाऱ्यावर सोडून पुढे वजन असलेला स्पिनर (फिरत्या पात्याचे आमिष) आणि अर्धे गांडूळ टाकतात. ईरी डिअरी या आमिषाचे नावच या सरोवरावरून पडले. ते पाण्यात पडल्यावर मनात आकडे मोजायचे, पाच, सात, दहा, आणि मग संथ गुंडाळायचे. ज्या आकड्यावर मासा लागला तो आकडा होडीतल्या सर्वांनी वापरायचा. खोलीचा एवढा साधा आणि अचूक हिशेब दुसरा नाही.

जुलैपासून मात्र ट्रोलिंग, म्हणजे चालत्या होडीमागून आमिष ओढणे. होडीच्या दोन्ही अंगांना फळ्या सोडून तंगूस बाजूला पसरतात, म्हणजे इंजिनाच्या आवाजाने बिचकलेल्या माशांच्या वाटेत आमिष येते. वसंतात ताशी सव्वा ते दीड मैल, उन्हाळ्यात दोन ते अडीच. किती फूट तंगूस सोडल्यावर मासा लागला, हे वहीत लिहून ठेवावे. २०१५ आणि २०१८ या वर्षी पिलांची पैदास असामान्य झाली, आणि त्या पिढ्यांमुळे सरोवरात पुढची कित्येक वर्षे मासे भरपूर राहिले.

तंगूस

ईरीकाठ, दुरुस्ती मान्य आहे. माझा अनुभव जवळजवळ सगळा नदीतला आहे आणि मी तो सरोवराला लावायला नको होता.

खारेपाट

घरी आणल्यावर काय करावे? कुटुंबात विचारणा सुरू झाली आहे.

ईरीकाठ

मासा पकडल्यावर लगेच बर्फात घालावा. बादलीतल्या कोमट पाण्यात ठेवलेल्या माशाचे मांस सैल पडते. वॉलआयमध्ये पाइकसारखे वायच्या आकाराचे काटे नसतात, त्यामुळे कल्ल्यामागून शेपटीपर्यंत सुरी चालवून दोन्ही अंगांच्या अखंड फिती निघतात आणि मधली बारीक काट्यांची ओळ चिमट्याने ओढता येते. कातडी काढून टाकावी. मोठ्या माशाच्या गालातील दोन गोल तुकडे विसरू नका, सर्वांत गोड भाग तोच. मांस पांढरे आणि कमी तेलकट असल्यामुळे कालवणात फार उकळले तर ते विरघळते. आम्ही आगळ, हळद, मीठ आणि मालवणी मसाला लावून वीस मिनिटे ठेवतो आणि रव्यात घोळवून मध्यम आचेवर तळतो. हाताळताना कल्ल्याच्या झाकणाची धार आणि पाठीचे काटे सांभाळा; ओल्या बोटाला कापले तर लगेच कळतही नाही.

मोठ्या, वयस्क माशांत पारा साठतो. राज्याची सल्लापत्रके तळे आणि नदी यांनुसार किती खावे ते सांगतात. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी मर्यादा वेगळी असते. पंधरा ते वीस इंचांचे मासे खायला ठेवावेत आणि मोठ्या माद्या सोडाव्यात, हा आमचा घरचा नियम आहे.

नवशिका_मिशिगन

शनिवारी ओर्लीन्स पार्कला जाऊन आलो. सकाळी सातपासून अर्ध्या औंसाचे शिसे लावले होते आणि ते पडल्या जागी बसत होते. तीन जुळण्या गमावल्या. नऊ वाजता वजन तीन अष्टमांशावर आणले आणि पहिल्यांदाच ते ठोके ऐकू आले, म्हणजे बोटाला जाणवले. आठव्या की नवव्या फेकीत ठोके थांबले. दगड समजून मी काठी आडवी ओढली तर दगडाने मान झटकली. सतरा इंचांचा नर होता, हातात धरताच पांढरे दूध, म्हणजे नराचे वीर्य, सांडले. गळ वरच्या ओठात होता. अकराच्या सुमारास दुसरा लागला, पण त्याच्या पोटाजवळच्या परात गळ रुतलेला होता, म्हणून पाण्यातच सोडवला. माझा तुकडा तीस इंचांचा आहे. तो कमी करावा का?

तंगूस

अभिनंदन! वीस इंचांवर आणा. आणि वॉटरव्हिलचा आलेख पाहिला तर पाणी कालपासून उतरते आहे. बुधवारी आलात तर तीन अष्टमांशही जड होईल, पाव औंसाची शिसी बरोबर घ्या. मी सकाळी साडेसातला तेथेच असेन, खालच्या अंगाला पडलेल्या झाडाजवळ.